कंपनीला ग्रुपात घ्या, पण नावानिशी

चार दिवसांची झड लागून उघडीप झाली, की मराठवाड्यातल्या शेतकरी ग्रुपांवर ठरलेला फोटो येतो. पिवळं पडलेलं सोयाबीन आणि खाली दोन शब्द, 'काय मारू?' पाच-दहा मिनिटांत उत्तरांची रांग लागते. कुणी टॉनिकचं नाव टाकतं, कुणी बुरशीनाशकाचं, कुणी नुसताच बाटलीचा फोटो. 'मी मारलं, चौथ्या दिवशी हिरवंगार' असं छातीठोक सांगणाऱ्यांत एखादा कंपनीचा माणूस असतो, एखादा दुकानदाराचा भाचा असतो आणि बाकीचे खरेच शेतकरी असतात. कोण कोणता, हे फोटो टाकणाऱ्याला कळायला मार्ग नसतो. तो संध्याकाळी कृषी केंद्रात जातो आणि ज्याचं नाव तीनदा आलं ते घेऊन येतो.

बियाणं, खतं, औषधं, ठिबक, ट्रॅक्टर, क्लास, आंबे, सगळ्यांच्या विक्रीचं मैदान आता हे ग्रुप झाले आहेत. त्यावर दोन टोकांची मतं ऐकू येतात. ग्रुप चालवणारे म्हणतात, कंपनीवाल्यांना दारातच अडवा. विक्रीची माणसं म्हणतात, ओळख न देता शिरा, गोड बोला, नाव पेरून या. आम्हाला दोन्ही पटत नाहीत. कंपन्यांना ग्रुपात घ्यावं, उघड नावानिशी घ्यावं. आणि लपून शिरण्याचा उद्योग कंपन्यांनी सोडावा, कारण त्यात तोटा त्यांचाच आहे.

आधी बंदीचं बोलू. 'जाहिरात टाकल्यास रिमूव्ह केले जाईल' ही ओळ ग्रुपच्या माहितीत लिहिली म्हणून प्रचार थांबत नाही. तो फक्त टोपी बदलून येतो. पोस्टर बंद होतं आणि 'अनुभव' सुरू होतो. वर तोटा असा, की ज्या प्रश्नांची उत्तरं फक्त कंपनीकडेच असतात ती ग्रुपला मिळेनाशी होतात. या लॉटची उगवण चाचणी किती आली होती? हे कीटकनाशक त्या विद्राव्य खतासोबत एका पंपात चालतं का? ठिबकच्या या लॅटरलला, म्हणजे शेतात अंथरलेल्या नळीला, किती दाब सोसतो? यावर शेजारचा शेतकरी अंदाज सांगेल, दुकानदार खपेल ते सांगेल. कंपनीचा माणूस नावानिशी बसलेला असेल तर निदान त्याला धरता येतं.

आता चोरट्या प्रचाराचं. तो पकडला जातो, आणि फार लवकर पकडला जातो, हे विक्रीच्या माणसांच्या ध्यानात येत नाही. तोच मजकूर, त्याच शुद्धलेखनाच्या चुकीसह, परभणीच्या ग्रुपवर आणि धाराशिवच्या ग्रुपवर एकाच दिवशी येतो; दोन्हीकडे असलेला कुणीतरी स्क्रीनशॉट टाकतो. फोटोतली जमीन तांबडी असते आणि पोस्ट टाकणारा स्वतःला गोदाकाठच्या काळ्या रानाचा म्हणवतो. जूनच्या शेवटी पेरलेल्या सोयाबीनला त्याच्याकडे जुलैतच शेंगा लगडलेल्या असतात. ग्रुपात येऊन दोन दिवस झालेले असतात आणि पहिलाच मेसेज बाटलीची तारीफ करणारा असतो. शेतकऱ्याची नजर पीक वाचणारी असते, तिला हे दिसतंच. एकदा नाव फुटलं की पुढची दोन-तीन वर्षं त्या मालाचं खरं कौतुक करणाऱ्यालाही लोक विचारतात, 'किती मिळाले?' म्हणजे स्वतःचे खरे गिऱ्हाईकही तोंड मिटून बसतात. एवढी किंमत मोजून पेरलेलं नाव उगवत नाही.

ज्या यंत्रावर हा व्यवहार चालतो त्याची घडणही समजून घेतली पाहिजे, कारण अर्ध्या चुका तिथे होतात. व्हॉट्सॲप ग्रुपची मर्यादा पूर्वी २५६ जणांची होती. २०२२ मध्ये ती आधी ५१२ आणि मग १०२४ झाली. टेलिग्रामच्या ग्रुपात दोन लाखांपर्यंत माणसं बसतात. व्हॉट्सॲपवर नव्याने आलेल्याला मागची चर्चा सहसा दिसत नाही, त्यामुळे गेल्या जुलैत दिलेलं चांगलं उत्तर या जुलैत कुणाच्याच हाती नसतं. फेसबुक ग्रुपवर मात्र शोधलं तर तीन वर्षांपूर्वीची पोस्ट सापडते. म्हणून तिथलं उत्तर वाण, तालुका, पेरणीची तारीख आणि साल घालून सविस्तर लिहावं, आणि व्हॉट्सॲपवर तेच सहा-सात ओळींत, दरवर्षी नव्याने.

फॉरवर्डचं गणितही असंच. २०१८ पासून भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येतो, आणि २०२० पासून खूप फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी. वर दुहेरी बाण उमटतो आणि हा माल गावभर फिरून आलेला आहे हे वाचणाऱ्याला कळतं. कंपनीचं चकचकीत पोस्टर बाणासकट ग्रुपवर पडलं, की लोक ते लग्नाच्या पत्रिकेसारखं वर सारतात. ग्रुपसाठी मजकूर तिथेच टाइप करावा, त्या तालुक्याच्या पावसाचं नाव घेऊन.

ब्रॉडकास्ट यादीत, म्हणजे एकच मेसेज अनेकांना वेगवेगळा पाठवायच्या सोयीत, एक बारकावा आहे, तो विक्रीच्या माणसांनी भिंतीवर लिहून ठेवावा. २५६ जणांच्या यादीला पाठवलेला मेसेज ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनात सेव्ह केलेला आहे त्यांनाच पोचतो. शेतकऱ्याने तुमचा नंबर 'सोयाबीनवाले साहेब' म्हणून सेव्ह केला की नाही, हीच खरी मोजणी. लाइक आणि अंगठे मोजून काही हाती लागत नाही. आणि ग्रुपातले हजार नंबर उचलून त्यांच्यावर थेट मेसेजांचा भडिमार करणं तर स्वतःच्या पायावर धोंडा. लोक तक्रार करतात, नंबर बंद पडतो. शिवाय २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा पायाच संमती हा आहे. ग्रुपात नंबर दिसतो याचा अर्थ तो तुम्हाला दिला असा होत नाही.

मग आत येऊन करायचं काय? पहिले पंधरा दिवस काहीच विकायचं नाही. नाव 'कंपनी, आपलं नाव, तालुका' असं ठेवायचं, आल्या दिवशी दोन ओळींत ओळख द्यायची आणि वाचत बसायचं. कोण खरं बोलतो, कोणाच्या शब्दाला वजन आहे, कोणते प्रश्न दर आठवड्याला येतात, याची वही करायची. मग उत्तरं द्यायला लागायचं. रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळावर एक जुना संकेत होता: तुमच्या दहा पोस्टींत स्वतःच्या मालाची एकच असावी. आपल्याकडच्या ग्रुपांना हे प्रमाणही सैल पडतं. एका ग्रुपात वीस कंपन्या असतील आणि प्रत्येकीने रोज एकच पोस्ट टाकली, तरी महिन्याच्या सहाशे होतात. त्यापेक्षा आठवडी बाजाराची रीत बरी. गावाला बाजाराचा एक वार असतो तसा ग्रुपलाही असावा. रविवारी सकाळी आठ ते दहा ज्याला आपला माल, भाव, योजना टाकायची त्याने टाकावी. बाकी सहा दिवस फक्त प्रश्नांना उत्तरं.

ते उत्तर कसं असावं हे पिवळ्या सोयाबीनवरच बघू. पिवळं पडण्याची कारणं निदान चार. शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा हिरव्या राहिल्या असतील तर लोह कमी पडतंय. चुनखडीच्या जमिनीत पाणी थांबलं की हे हमखास होतं. खालची पानं आधी पिवळी आणि सखल भागातलं सगळंच पीक तसं असेल तर मुळं गुदमरली आहेत, मुळांवरच्या नत्र देणाऱ्या गाठींचं काम थांबलं आहे. अधेमधे एखादंच झाड, पानावर पिवळे-हिरवे चट्टे, पान आक्रसलेलं, तर येलो मोझॅक हा विषाणूरोग. आणि पिवळेपणा पंपाच्या पट्ट्यापट्ट्यांनी दिसत असेल तर तणनाशक दुबार पडलंय. चारही फोटो लांबून सारखेच दिसतात. म्हणून शहाण्या कंपनीचं पहिलं उत्तर हा प्रश्नच असतो: 'भाऊ, शेंड्याचं पान जवळून आणि पानाची खालची बाजू, असे दोन फोटो अजून टाका. पाणी किती दिवस होतं? तणनाशक कधी, किती मारलं?'

हे कळल्यावर पुढचं. लोहाचा प्रश्न असेल तर आधी पाणी काढून द्या, वाफसा येऊ द्या, कोळपं फिरवा. बरीचशी शेतं एवढ्यानेच सुधारतात. तरी पिवळेपणा राहिला तर हिराकशीची (फेरस सल्फेट) अर्धा टक्का फवारणी, म्हणजे दहा लिटर पाण्यात ५० ग्रॅम, सोबत २५ ग्रॅम चुन्याची निवळी. ज्या कंपनीकडे महागडं चिलेटेड लोह विकायला आहे तिने ग्रुपात हिराकस सांगावं का? सांगावं. 'आमचं चिलेटेड मिसळायला सोपं, चुना लागत नाही. पण हिराकशीनेही काम होतं' असं लिहावं. एका हंगामात चार बाटल्या कमी जातील, पण त्या माणसाचा शब्द खरा असतो ही खूण कायमची राहील. आणि येलो मोझॅक असेल तर स्पष्ट लिहावं, की विषाणूवर औषध नाही. रोगट झाडं उपटून नष्ट करा आणि तो पसरवणारी पांढरी माशी आवरा. 'मोझॅकवर रामबाण' म्हणून बाटली विकणारा आणि हे सांगणारा, दोघे एकाच ग्रुपात असतील तर ऑक्टोबरपर्यंत त्यांची पारख आपोआप होते.

दाव्यांच्या बाबतीत ग्रुपनेच थोडं गणित शिकायला हवं. दोनशे शेंगांनी लगडलेल्या एका झाडाचा फोटो दरवर्षी फिरतो. खाली टॉनिकचं नाव. हिशेब मांडू. पंचेचाळीस सेंटिमीटरच्या ओळी आणि झाडांत पाच सेंटिमीटर अंतर असेल तर चौरस मीटरमध्ये ४४ झाडं बसतात. दोनशे शेंगा, शेंगेत सरासरी अडीच दाणे, म्हणजे पाचशे दाणे. शंभर दाण्यांचं वजन १२ ग्रॅम धरलं तर झाडाला ६० ग्रॅम सोयाबीन. चव्वेचाळीस झाडांना अडीच किलोंच्या वर. एकराचे ४०४७ चौरस मीटर, म्हणजे एकरी शंभर क्विंटलांहून जास्त! असं शेत कुणी पाहिलंय का? ते झाड बांधाकडेचं असतं, तूट पडलेल्या जागी मोकळं वाढलेलं. फोटो खोटा नसतो, पण त्यातून काढलेला अर्थ खोटा असतो. उलट हिशेब लक्षात ठेवायला सोपा आहे: चौरस मीटरला २५० ग्रॅम म्हणजे एकरी १० क्विंटल.

म्हणून कंपनीने निकाल दाखवायचा तर तो मोजून दाखवावा. एकच शेत, एकच वाण, एकाच दिवसाची पेरणी. वीस गुंठ्यांना आपलं औषध, वीस गुंठे तसेच. खत-पाणी बाकी सारखं. सोडलेला तुकडा सखल भागात किंवा झाडाच्या सावलीत येणार नाही हे आधी बघावं, कारण निम्मे प्लॉट इथेच लबाडी करतात, कधी जाणूनबुजून तर कधी नकळत. फोटो दोन्हीकडचे एकाच दिवशी, एकाच उंचीवरून. काढणीला दोन्हीकडे पाच-पाच ठिकाणी चौरस मीटरची चौकट टाकून मळणी करावी, वजन आणि ओलावा दोन्ही लिहावं, आणि शेवटी उत्पादनातल्या फरकाचे पैसे व औषधाचा खर्च शेजारी शेजारी मांडावा. फरक एकरी चाळीस किलोंचा आला आणि औषध त्याहून महाग पडलं, तर तेही टाकावं. विक्रीच्या बैठकीत हे कुणालाच आवडणार नाही, हे कबूल.

ही रीत मराठवाड्याला नवी नाही. १९६४ साली जालन्यात महिको या बियाणं कंपनीचा पाया घालणाऱ्या बद्रीनारायण बारवाले यांना १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्या जालन्याच्या आसपास बियाण्याचा सगळा धंदा वाढला तो पीक पाहणीवर. शेतकऱ्यांना रानात उभं करून, शेजारच्या वाणाच्या बरोबरीने कणीस-बोंड दाखवून बियाणं विकलं गेलं. ग्रुप ही तीच पीक पाहणी, पायाला चिखल न लागणारी. फक्त तिथे शेजारचं वाण दाखवायची पद्धत मागे पडली आणि आपल्याच झाडाचा फोटो उरला.

खरी परीक्षा तक्रारीच्या वेळी होते, आणि बहुतेक कंपन्या तिथेच नापास होतात. शेतकरी लिहितो, 'तुमचं बियाणं उगवलंच नाही.' कंपनीचा माणूस लगेच उत्तर देतो, 'पर्सनलला या.' तो तिकडे जातो, दोन बॅगा बदलून मिळतात, आणि ग्रुपवर पुन्हा काही येत नाही. उरलेल्या हजार जणांनी काय समजायचं? एकतर बियाणं खराब होतं, किंवा तोंड बंद केलं गेलं. दोन्हीत नुकसान कंपनीचंच.

त्याऐवजी असं करावं. दोन तासांत ग्रुपवरच पोच द्यावी. लॉट नंबर, पेरणीची तारीख, त्या आठवड्यातला पाऊस आणि पेरणीची खोली विचारावी. पिशवी, तिच्यावरचं लेबल, पावती आणि उरलेलं मूठभर बियाणं जपून ठेवायला सांगावं. हे सांगणं कंपनीच्या विरोधात जाऊ शकतं, तरी सांगावं. दोन दिवसांत शेतावर जावं. तालुका पातळीवर तक्रार निवारण समिती असते, ती पंचनामा करते. त्या पंचनाम्याला कंपनीने हजर राहावं, टाळू नये. आणि जे निघालं ते त्याच ग्रुपवर, त्याच शेतकऱ्याच्या संमतीने लिहावं. सोयाबीनचं बी नाजूक असतं. पोत्याची आदळआपट झाली, तीन ते पाच सेंटिमीटरपेक्षा खोल पडलं, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस व्हायच्या आत पेरलं, पेरल्यावर जमिनीवर पापुद्रा आला, अशी कितीतरी कारणं कंपनीबाहेरची असतात. पण ती आधी ऐकवली तर पळवाट वाटतात, शेत बघून आल्यावर सांगितली तर पटतात. २०२० च्या खरिपात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारींचा असा पूर आला, की औरंगाबाद खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. तेव्हापासून मे महिन्यात प्रत्येक ग्रुपवर एक गोष्ट कंपन्यांनीच टाकायला हवी होती: ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळा, सहा-सात दिवसांनी मोजा, सत्तर किंवा जास्त उगवले तर एकरी ३० किलो पुरे. घरचं बियाणं वापरायला मदत करणारी ही पोस्ट बियाणं कंपनीने टाकायची? हो, तिनेच. त्याच पोस्टीमुळे तिच्या पिशवीतलं बीही लोक पेरण्याआधी तपासतील, आणि वाईट लॉट शेतात जाण्याआधी दुकानात परत येईल.

कायद्याचं थोडक्यात. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा, आणि त्याखालचे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीचे नियम जून २०२२ चे. माध्यम कुठलंही असो, ते लागू होतात. व्हॉट्सॲपवर टाकलं म्हणून सुटका नाही. कौतुक करणाऱ्याचा कंपनीशी काही लागाबांधा असेल तर तो सांगितला पाहिजे, आणि लागाबांधा म्हणजे नुसते पैसे नव्हेत. फुकट मिळालेला मालही त्यात येतो. प्लॉटसाठी बाटल्या कंपनीने दिल्या असतील तर शेतकऱ्याने पोस्टीच्या सुरुवातीलाच तसं लिहावं, मराठी पोस्टीत मराठीतच. दिशाभुलीला पहिल्यांदा दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड आहे. कीटकनाशकांचा कायदा १९६८ चा: ज्या पिकासाठी नोंदणी नाही त्या पिकावर ते मारायला कंपनीच्या माणसाने सांगू नये, मग शेजारच्या गावात 'रिझल्ट' कितीही आलेला असो. टॉनिक म्हणून विकल्या जाणाऱ्या जैव उत्तेजकांना २०२१ पासून खत नियंत्रण आदेशाखाली आणलेलं आहे. तेव्हा ग्रुपात कुणी असं काही विकू लागला की पहिला प्रश्न परवान्याचा विचारावा, रिझल्टचा नंतर. हे फक्त शेतीपुरतं नाही. लातूरच्या क्लासवाल्यांनाही निकालाच्या दिवशी पालकांच्या ग्रुपात फोटो टाकण्याआधी नोव्हेंबर २०२४ ची केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वं वाचायला हवीत. निवडीनंतर त्या विद्यार्थ्याची संमती लागते, आणि त्याने तुमच्याकडे कोणता कोर्स केला होता हेही सांगावं लागतं.

ॲडमिनचा प्रश्न सगळ्यांत अवघड. पाच-सहा ग्रुप चालवणारा माणूस फुकट राबत असतो, रात्री अकरा वाजता भांडणं सोडवत असतो. त्याला कुणी महिन्याला काही रक्कम देऊ केली तर मोह होतो. पण त्याने पैसे घेऊन एका कंपनीची पोस्ट वर पिन केली आणि दुसरीची तक्रार खोडली, की कुंपणानेच शेत खाल्लं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलं, की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह पोस्टीसाठी निव्वळ ॲडमिन आहे म्हणून कुणी जबाबदार ठरत नाही, त्याचा तसा हेतू किंवा संगनमत नसेल तर. पैसे घेऊन स्वतःच जाहिरात टाकणाऱ्याला हा आडोसा मिळेल असं समजू नये. आणि ॲडमिन स्वतः कृषी केंद्र चालवत असेल तर? चालवावं, त्यात गैर काही नाही, ग्रुपच्या माहितीत दुकानाचं नाव लिहिलं म्हणजे झालं. ग्रुपचा खर्चच भागवायचा असेल तर बाजाराच्या दिवशीच्या पोस्टींना सर्वांसाठी एकच उघड दर ठेवावा आणि जमा-खर्च ग्रुपवर टाकावा.

कंपन्यांनी ग्रुपात कुणाला बसवावं, हेही महत्त्वाचं. महिन्याचं टार्गेट डोक्यावर असलेल्या फिल्डच्या पोराला बसवू नये. त्याची चूक नसते. पंचवीस तारखेनंतर त्याला प्रत्येक पिवळं पान म्हणजे बाटली दिसू लागते. कृषी पदवीधर, त्या भागातला, पगार विक्रीवर न ठरणारा माणूस हवा. असा एक जण आमच्या अंदाजाने दहा-बारा ग्रुपांच्या वर नीट सांभाळू शकत नाही. पुण्या-मुंबईच्या एजन्सीने तयार उत्तरं चिकटवली, की उंटावरून शेळ्या हाकल्यासारखं होतं: हिंगोलीत दोन आठवड्यांची उघडीप असते आणि ग्रुपवर 'अतिवृष्टीत अशी घ्या काळजी' पडतं.

आता पारडं फिरवून बघू, कारण मराठवाड्याचा शेतकरीही अलीकडे ब्रँड झाला आहे. मे-जूनमध्ये इथला केसर आंबा पुण्याच्या सोसायट्यांच्या ग्रुपात विकला जातो. तिथे तोच शेतकरी परका असतो आणि सोसायटीचा सेक्रेटरी 'नो जाहिरात' म्हणत असतो. वरचे सगळे नियम त्यालाही लागू. आधी सोसायटीतल्या एखाद्या ओळखीच्या माणसाने नाव सांगून आणावं. भाव डझनावर न सांगता किलोवर सांगावा. २०० ते २५० ग्रॅमचं फळ धरलं तर पाच किलोंच्या पेटीत २० ते २५ आंबे, हे आधीच लिहावं, म्हणजे पेटी उघडल्यावर वाद नाही. आढीत किती दिवस ठेवायचे ते लिहावं. आंबा पिकवायला कार्बाइड वापरण्यास बंदी आहे. इथिलीनच्या खोलीत पिकवला असेल तर तसं सांगण्यात कमीपणा नाही, नियमाने १०० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत शंभर) त्याला मुभा आहे. मराठवाडा केसरला, जालन्याच्या मोसंबीला, बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे, पण ते नाव मिरवायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली नोंद हवी. ऑर्डरी ग्रुपात घेऊ नयेत. साठ जणांनी 'दोन पेट्या' लिहिलं की सेक्रेटरी ग्रुप बंद करतो. पोल टाकावा नाहीतर आपल्या नंबरवर घ्याव्यात. खराब निघालेल्या फळांचा फोटो चोवीस तासांत आला तर बदलून किंवा पैसे परत, आणि हे ग्रुपवर सांगून. पुढच्या वर्षी सेक्रेटरीच विचारतो, 'यंदा कधी येणार?'

एक जागा मात्र अशी आहे, की तिथे ग्रुपवरच्या सगळ्या चांगुलपणाचं पाणी होतं. ती म्हणजे दुकानाचा काउंटर. खरिपाचा माल हंगामावर उधार घ्यायचा असतो, आणि उधारी देणाऱ्याचा शब्द मोडता येत नाही. ग्रुपात रात्री नऊ वाजता कितीही नेमकं उत्तर मिळालेलं असो, सकाळी दहाला निवड दुकानदाराच्या हातात असते, आणि त्याचं कमिशन कुठल्या बाटलीवर जास्त आहे ते ग्रुपला माहीत नसतं. म्हणून कंपनीने ग्रुपात दिलेलं उत्तर त्याच रात्री तालुक्यातल्या दुकानदारांनाही पाठवावं. हिराकस सांगितली असेल तर ती दुकानात आहे की नाही हेही विचारावं. नाहीतर सकाळी शेतकरी मोबाइल पुढे करून तो मेसेज दाखवतो, दुकानदार चष्मा वर करून वाचतो, मागच्या फळीवरून दुसरीच बाटली काढतो आणि म्हणतो, 'ते संपलंय दादा. हे न्या, तसंच आहे.'